हाताने काय करायचं, ते सांग

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्या गोव्यातल्या एका मराठी दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी अधूनमधून व्हिडिओ गेमची परीक्षणं लिहिते. सहाशे शब्द आणि एक चित्र, एवढी जागा मिळते. पुरवणी वाचणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे: निवृत्त शिक्षक, बँकेतून बाहेर पडलेले, जत्रेतल्या नाटकाचं परीक्षण चवीने वाचणारे. गेम खेळतो तो त्यांचा नातू, आणि तो पुरवणी उघडतही नाही. मी कुणासाठी लिहिते आहे, हे मला 'स्टारड्यू व्हॅली'वर लिहायला बसले तेव्हा नीट कळलं.

हा गेम 2016 साली आला. एरिक बॅरोन नावाच्या एकाच माणसाने चार वर्षांहून जास्त काळ खपून त्याची चित्रं, संगीत, संवाद, सगळं एकट्याने केलं. गोष्ट साधी आहे. कंपनीतल्या नोकरीला कंटाळलेला माणूस आजोबांनी ठेवलेल्या पडीक शेतावर राहायला येतो. माझा पहिला मसुदा तयार झाला, त्यात 'देखणी दृश्ययोजना', 'सुटसुटीत नियंत्रण', 'खिळवून ठेवणारा अनुभव' असं सगळं होतं. तो घेऊन मी सावईवेऱ्याला मावशीकडे गेले. तिचं कुळागर आहे, सुपारी, मिरी, केळी. ओसरीवर बसून तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "पण बाय, त्यात हाताने काय करायचं, ते सांग की."

मग मी तोंडीच सांगायला लागले. पहिल्या दिवशी गावचा प्रमुख पार्सनिपचं बी देतो, पंधरा दाणे. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखं मूळ. कुदळीने जमीन उकरायची, बी टाकायचं, झारीने पाणी घालायचं. रोज पाणी घातलं तर चार दिवसांत पीक हाताशी येतं. पाणी चुकलं तर रोप मरत नाही, पण त्या दिवशी वाढतही नाही. पाऊस पडला की त्या दिवशी झारीला सुट्टी. अठ्ठावीस दिवसांचा एक ऋतू, असे चार ऋतू, आणि ऋतू पालटला की बहुतेक उभं पीक वाळून जातं.

"म्हणजे सरदीचं बी वायंगणात चालायचं नाही," मावशी म्हणाली. सरद म्हणजे पावसाळी पीक, वायंगण म्हणजे पावसाळ्यानंतरचं. मग लगेच, "आणि माकडं?"

माकडं नाहीत, कावळे येतात, बुजगावणं लावावं लागतं, असं मी सांगितल्यावर ती सरसावून बसली. मसुदा वाचत होते तेव्हा तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. घरी येऊन मी तो बाजूला ठेवला आणि पंधरा दाण्यांपासून सुरुवात केली.

आता गुणांविषयी. जपानमधलं 'फामित्सू' हे साप्ताहिक चार परीक्षकांचे दहा-दहा गुण मिळवून चाळीसपैकी आकडा देतं. त्याच्या वाचकाला दुकानात उभं राहून दोन गेमांतून एक निवडायचा असतो, त्याला तो आकडा हवाच. आमच्या वाचकासमोर दोन गेम नसतात. त्याच्यासमोर खोलीचं बंद दार असतं आणि आतून येणारं संगीत. त्याला साडेआठ गुण सांगून काय उपयोग? मी गुण देत नाही. त्या जागेत मी किती खेळले ते लिहिते. या गेममधला एक दिवस आपल्या घड्याळात सुमारे चौदा मिनिटांचा असतो, त्यामुळे चार ऋतूंचं पूर्ण वर्ष जवळजवळ सव्वीस तासांत होतं. एक वर्ष पुरं झाल्याशिवाय मी लिहायला घेतलं नाही. वसंतातच थांबले असते तर हिवाळा मला कळलाच नसता. तेव्हा शेत बहुतांशी रिकामं राहतं, आणि माणूस खाणीत उतरतो किंवा गावकऱ्यांच्या घरी जाऊन बसतो. गेमचा जीव मला तिथे सापडला.

घरच्या माणसाला जे खटकू शकेल तेही लिहावं लागतं. खाणीत तलवारीने राक्षस मारावे लागतात. गावात मद्यालय आहे, पुढे जुगाराचा अड्डाही लागतो. पैसे एकदाच मोजायचे, आत पुन्हा कुणी मागत नाही. मराठी भाषा मात्र नाही, सगळे संवाद मूल इंग्रजीतून वाचतं. हे मला मनापासून लागतं, कारण त्या गावकऱ्यांचं बोलणं फार मायेने लिहिलेलं आहे आणि ते आपल्या भाषेत वाचायची सोय नाही.

सर्वांत जास्त विचार मी एका बारीक गोष्टीवर केला. संगणकावर खेळताना हा गेम दिवसाच्या शेवटी, पात्र अंथरुणावर पडल्यावरच जतन होतो. मधेच बंद केला तर त्या दिवसाची नांगरणी, पाणी, विक्री, सगळं पुसलं जातं. कितीतरी घरांत "आलो, दोन मिनिटं" यावरून रात्रीच्या जेवणाला वाद होतो. मूल टाळाटाळ करतं असं मोठ्यांना वाटतं. एखाद्या दिवशी ते खरंही असेल, पण पुष्कळदा त्याला खरोखरच दहा मिनिटं हवी असतात.

म्हणून परीक्षणाचा शेवटचा परिच्छेद मी पुन्हा लिहिला. त्यात एवढंच होतं: पानं वाढायच्या पंधरा मिनिटं आधी दारावर टकटक करा आणि विचारा, "तुझ्या शेतावर आता किती वाजले?"