हर-टू : जनुक तेच, प्रती जास्त

(कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये तळाशी तीन नावं असतात: ईआर, पीआर (ही दोन हार्मोनचा निरोप घेणारी प्रथिनं) आणि हर-टू न्यू. तिसऱ्या नावापुढे ‘थ्री प्लस’ लिहिलेलं दिसलं की घरातली माणसं घाबरतात. कॅन्सर तिसऱ्या स्टेजला गेला, असंच त्यांना वाटतं. त्याचा स्टेजशी काही संबंध नाही.

हर-टू हे जनुक तुमच्या-माझ्या पेशींतही आहे. सतराव्या गुणसूत्रावर, एक प्रत आईकडून, एक वडिलांकडून. त्यापासून तयार होणारं प्रथिन पेशीच्या आवरणात बसतं आणि वाढीचा निरोप आत पोचवतं. काही गाठींत या जनुकाच्या प्रती दोनाच्या दहा, कधी वीसच्याही वर जातात आणि प्रथिनही तसंच वाढतं. जनुकातला मजकूर मात्र बहुतेक वेळा जसाच्या तसा असतो. विसर्जन मिरवणुकीत गाणं नेहमीचंच असतं. डॉल्बीची भिंत उभी राहिली की महाद्वार रोडवरच्या घरांच्या काचा थरथरतात, तसंच हे. आवरणात दाटीने बसलेली ही प्रथिनं एकमेकांना जोडली जातात आणि बाहेरून निरोप आलेला नसतानाही ‘वाढ, वाढ’ असा हुकूम आत जात राहतो.

1987 साली अमेरिकेत डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या 189 गाठी तपासल्या. सुमारे 30 टक्के गाठींत या जनुकाच्या प्रती वाढलेल्या होत्या आणि त्या स्त्रियांमध्ये आजार लवकर उलटत होता. आज हे प्रमाण 15 ते 20 टक्के धरतात.

पण एखादं जनुक गाठीत जास्त दिसलं म्हणजे रोगाचं मूळ तेच, असं मानायची घाई करू नये. कर्करोगात कितीतरी जनुकं वरखाली होतात. हर-टूचा तुकडा वाढतो तेव्हा गुणसूत्रावर शेजारी असलेली जनुकंही त्याच्यासोबत वाढतात. खरा दोष कोणाचा, हे त्याला रोखून बघितल्याशिवाय कळत नाही. हर-टूला रोखणारं ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं, आजार आटोक्यात येऊ लागला, आणि 1998 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे जठराच्या काही कर्करोगांतही त्याचा उपयोग दिसला. ‘थ्री प्लस’ ही पूर्वी वाईट बातमी होती. आज त्या बाईसाठी नेमकं औषध आहे. भारतीय कंपन्या ते बनवू लागल्यापासून किंमत उतरली, तरी अनेक घरांना ती अजून जडच जाते. हृदयाच्या स्नायूलाही हर-टू लागतं, म्हणून हे औषध चालू असताना ठरावीक काळाने इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात. तो चुकवू नका.

आता माझ्या, म्हणजे गाठ तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टच्या, टेबलाकडे या. गाठीचा तुकडा काढल्यापासून तासाभरात दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तुकडा नासू न देणाऱ्या द्रवात, पडायला हवा आणि 6 ते 72 तास त्यात राहायला हवा. द्रव भरपूर हवा. अख्खा स्तन काढला असेल तर त्याला काप द्यावे लागतात, नाहीतर फॉर्मॅलिन गाठीपर्यंत पोचतच नाही. मग मेणाचा ब्लॉक बनतो, त्याचे अगदी पातळ काप काचेच्या पट्टीवर घेऊन रंगवतो. दहा टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद तपकिरी, पूर्ण रिंगण दिसलं की थ्री प्लस. टू प्लस म्हणजे नक्की सांगता येत नाही. तेव्हा फिश तपासणी करून जनुकाच्या प्रती चमकणाऱ्या ठिपक्यांच्या रूपात मोजतात.

चंदगडकडून, राधानगरीकडून कधी कधी गाठ सलाइनमध्ये बुडवून दुसऱ्या दिवशी एसटीने येते. बरणी उघडली की वासावरूनच कळतं, आणि जीव तुटतो. प्रथिन नासलं की काच फिकी दिसते, रिपोर्ट निगेटिव्ह जातो, आणि जिला औषध मिळायला हवं होतं तिला ते मिळत नाही. ऑपरेशनच्या आधीच विचारा: फॉर्मॅलिन तयार आहे का? विचारायला लाजू नका, हा तुमचा हक्क आहे.

मागच्या रांगेतल्या मावशींनी मघाशी विचारलं, “डॉक्टर, पोरीचं लगीन ठरलंय, तिलाबी हुईल काय ओ?” मावशी, हर-टूच्या या वाढलेल्या प्रती गाठीच्या पेशींत नंतर तयार होतात. त्या पोटच्या पोरीकडे जात नाहीत. वारशाने येणारा धोका वेगळ्या जनुकांचा, बीआरसीए-वन, बीआरसीए-टू यांसारख्या. घरात कमी वयात किंवा बऱ्याच जणींना हा आजार झाला असेल, तर त्यासाठी वेगळी तपासणी असते. हर-टू पॉझिटिव्ह आलं म्हणून लग्न मोडायचं काहीच कारण नाही.

आणखी एक. आजार उलटला तर शक्य असेल तेव्हा नव्या जागेचा तुकडा काढून हर-टू पुन्हा तपासून घ्या. ते बदललेलं असू शकतं. जुना ब्लॉकही लागतो. लॅबकडून तो मागून घेतलात तर नाव आणि नंबर जुळतोय का बघा आणि फाईलसोबत घरात गार जागी ठेवा. बंद गाडीत, उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.