तळ नसलेलं मडकं

(पहिली ३० सेकंद निवेदन नको. फक्त चाक आणि काकांचे हात.)

पाण्याचं मडकं वाटतंय ना? थांबा जरा. याला तळच नाहीये. एक मोठं तोंड, एक लहान तोंड आणि मध्ये पोट, झालं. गोव्यातल्या डिचोलीतल्या या अंगणात आम्ही सकाळी पोचलो तेव्हा काका आधीच चाकावर बसलेले, आणि कॅमेरा लावेपर्यंत दोन मडकी वळून पण झाली होती. म्हणाले, "तुमच्यासाठी माती थांबत नाही रे." बरोबरच आहे.

हे घुमट, गोव्याचं मातीचं, एका तोंडाला कातडं लावून वाजवायचं वाद्य. आणि बाजूला रेकॉर्डर धरून बसलीय ती आमची मैत्रीण, संगीतात एमए करतेय. म्हणजे गाणं शिकत नाहीये ती, गाणं कोण गातं, कधी गातं, कशासाठी गातं ते शिकतेय, एथ्नोम्युझिकॉलॉजी. मराठीत या विषयावर मनापासून लिहिलं ते अशोक रानड्यांनी, पण तिच्या आईला अजून वाटतं की पोरगी दोन वर्षांनी निदान एक यमन तरी नीट गाईल.

(तक्त्याचं चित्र, मग परत चाक.)

कॉलेजात पहिल्याच महिन्यात वाद्यांचा तक्ता येतो, हॉर्नबोस्टेल आणि साक्स या दोघांचा, १९१४ चा. गंमत म्हणजे तो उभा राहिला ब्रसेल्सचं वाद्यसंग्रहालय सांभाळणाऱ्या मायोंच्या वर्गीकरणावर, आणि मायोंचे चार वर्ग बसतात आपल्या तत (तारांची), सुषिर (फुंकायची), घन (टाळ-झांजांसारखी), अवनद्धवर (कातड्याची), कारण कोलकात्याच्या सौरींद्रमोहन टागोरांनी पाठवलेली भारतीय वाद्यं त्यांच्या संग्रहात होती. म्हणजे आपलंच युरोप फिरून आपल्या सिलॅबसमध्ये. असो. त्या तक्त्यात घुमट म्हणजे 'अवनद्ध', एक शब्द, पुढचं वाद्य. इथे अंगणात मात्र तिची अर्धी वही भरली.

कारण बघा, मडकं भाजून झालं की काम संपत नाही, तिथून खरं सुरू होतं. कातडं भिजत घालायचं, ओलं असतानाच मोठ्या तोंडावर ओढायचं, काठाखाली दोरी गच्च आवळायची आणि मग उन्हात. सुकताना ते स्वतःच ताणलं जातं. काका मध्ये मध्ये बोटाने टिचकी मारून ऐकतात, मान हलवतात, परत उन्हात. हे कुठल्या पुस्तकात लिहायचं सांगा?

(टिचकीचा आवाज तीनदा. मोठा ठेवा.)

वाजवताना उजवा हात कातड्यावर, आणि डावा त्या लहान, उघड्या तोंडावर. तळवा झाकला-उघडला की आतली हवा बदलते आणि आवाज खाली-वर होतो. मँटल हूड नावाचे प्राध्यापक १९६० मध्ये म्हणून गेले की ज्या संगीताचा अभ्यास करायचाय ते स्वतः वाजवायला शिका. हिने प्रयत्न केला. तो भाग आम्ही एडिटमध्ये कमी केलाय, तिच्या विनंतीवरून.

हेच घुमट चर्चच्या वाड्यावर मांडोला, म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या गाण्याला, व्हायोलिनच्या जोडीला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या धर्मन्यायालयाने, ख्रिस्ती घरांतल्या जुन्या चालीरीतींवर फर्मान काढलं, लग्नातली वाद्यं पण त्यात आली. तरी हे मडकं हिंदूंच्या आरतीत आणि ख्रिस्ती मांडोत, दोन्हीकडे आहेच. कसं राहिलं, हाच तिच्या प्रबंधाचा विषय, आणि मला विचाराल तर गोव्यात याहून मोठा विषय नाही.

कातडं पूर्वी घोरपडीचं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर त्याला मनाई, आता बकऱ्याचं, आवाज बदलला म्हणतात जुने वाजवणारे, २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं. पुढे चला.

(चतुर्थीची रात्र. कौलांवर पाऊस.)

भाद्रपदातली ओली हवा, कातडं ढिलं पडतं, म्हणून आधी त्याला ऊब द्यायची. शामेळ हा ढोल वाजवणारा बसला, कासाळे म्हणजे झांजा आल्या, दारात चपलांचा ढीग. रेकॉर्डरवाली म्हणाली, पाऊस कापू नका, पाऊस पण आरतीतच आहे. आम्ही कापला नाही.

(इथून शेवटपर्यंत निवेदन नाही. आरती पूर्ण ठेवा.)