एकुलतं एक लेकरू

श्रोतेहो, नमस्कार.

"एकटंच आहे ना, हट्टी निघणारच!" ओसरीवर बसल्या बसल्या कुणीही हे ऐकवून जातं. टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट या अमेरिकी संशोधकांनी 1986 साली 115 अभ्यास एकत्र तपासले. स्वभावात एकुलती मुलं कुठं उणी निघाली नाहीत. आई-बापाशी नातं तर जरा अधिकच घट्ट. मग अडतं कुठं? भांडून परत गट्टी करायच्या सरावात.

सापशिडी घ्या. लेकरू 98 वरच्या सापाच्या तोंडी जातं, ओठ काढतं, की बाप म्हणतो, "राहू दे, पुन्हा टाक." मावसभाऊ असं म्हणेल का? तो सोंगटी खाली ओढूनच दम घेईल. म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा, तास-दीड तास, दुसऱ्या लेकरांसोबत खेळ हवा. सोबती मात्र तेच ते एक-दोघं असावेत. ज्याच्याशी काल कट्टी झाली त्याच्याच समोर आज जावं लागलं, तरच मिटवणं शिकतं. जिवापाड जपलेली दोन खेळणी आधीच कपाटात ठेवा. त्यांवरून होणारं भांडण काही शिकवत नाही. तुम्ही कानाच्या टप्प्यात बसा, डोळ्यांसमोर नको. मारामारी, चावाचावी झाली तर उठा. एरवी निवाडा करू नका, दोघांनाच विचारा, "आता कसं करायचं?"

दुसरी गोष्ट, शहाणपणाची. घरात सगळी मोठीच माणसं. सोयाबीनला भाव नाही, हप्ता थकला, हे दहा वर्षांचं पोर ऐकतं आणि मान डोलावतं. आपल्याला कौतुक वाटतं! पण ते ओझं आहे, समज नव्हे. त्यापेक्षा एक काम पूर्ण त्याच्यावर सोपवा. नळाला आठवड्यानं पाणी येत असेल, तर माठ आणि दोन घागरी त्याच्याकडं. विसरलं तर रागावू नका, गुपचूप भरूनही ठेवू नका.

आणि वेळ अमावस्येला शेतात जाल, तेव्हा आंबिल-भज्जी झाल्यावर लेकराला दोन रात्री काकाकडं राहू द्या. पहिल्या रात्री आठ-नऊच्या सुमारास फोन येईल, रडं येईल. ताप नसेल तर गाडी काढू नका. "परवा सकाळी येतो" म्हणा, आणि परवा सकाळीच जा.