एकच डोळा दुखतो तेव्हा

मी डोळ्यांचा डॉक्टर. दोन्ही डोळे दुखत असले, तर मी आधी झोप, मोबाइल आणि डोळ्यांचा कोरडेपणा याबद्दल विचारतो. एकच डोळा दुखतोय म्हटलं की विचारतो, दुखतं कधी? पापणी मिटताना खुपतं, उजेडात ठणकतं, की डोळा फिरवला की आत खोल कळ येते? तुम्हा तरुण मुलामुलींच्या वयात या उत्तरातून बरंच कळतं.

खुपत असेल तर कारण बहुधा डोळ्याच्या पृष्ठभागावरच असतं. रांजणवाडी, बाइकवर गेलेली धूळ, ग्राइंडिंग करताना उडालेला लोखंडाचा कण. कण स्वतः काढू नका, एवढंच. उसाचं पातं लागलं असेल तर मात्र मला जास्त काळजी वाटते, कारण त्यातून बुबुळावर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणाऱ्यांना आणि नळाच्या पाण्यानं त्या धुणाऱ्यांनाही गंभीर संसर्ग होतो. पाण्यात अकँथअमीबा नावाचा सूक्ष्मजीव असतो. त्याच्यावरचे उपचार कित्येक महिने चालतात. डोळा दुखला की लेन्स काढा, पण फेकू नका. डबीसकट घेऊन या, तपासायला उपयोगी पडते.

उजेड सहन होत नाही, बुबुळाभोवती लाली आहे, पण चिपडं फारशी नाहीत, अशा वेळी घरचे म्हणतात, ‘डोळे आलेत.’ तो युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतल्या भागाची सूज, असू शकतो. मग मी कंबरेबद्दल विचारतो आणि पेशंट गोंधळतात. सकाळी कंबर आखडते, हिंडल्याफिरल्यावर मोकळी होते का? अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा मणक्याचा विकार तरुणपणीच सुरू होतो, आणि कधी कधी त्याचा पहिला पत्ता डोळ्यातून लागतो.

आता ज्याच्यासाठी मी मुद्दाम तुमच्याशी बोलायला आलो, ते सांगतो. डोळा लाल नाही, पाणी नाही, आरशात अगदी नेहमीसारखा दिसतो. पण फिरवला की दुखतो, आणि दोन-चार दिवसांत त्या डोळ्याला धूसर दिसू लागतं. ही दृष्टीच्या नसेची सूज, ऑप्टिक न्यूरायटिस. साधारण विशी ते चाळिशीत होते, मुलींमध्ये जास्त. एका डोळ्याची नजर उतरली तरी दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे ती लवकर लक्षातच येत नाही. म्हणून एकेक डोळा झाकून लाल रंगाची वस्तू पाहा. एका डोळ्याला ती फिकट, विटकरी दिसली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. बहुतेकांची नजर बरीचशी परत येते. पण काहींमध्ये ही मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराची सुरुवात असते, म्हणून एमआरआय करावा लागतो.

घाबरून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या मात्र सुरू करू नका. 1992 साली ऑप्टिक न्यूरायटिसवरच्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. नेहमीच्या मात्रेत नुसत्या गोळ्या दिलेल्यांना हा आजार पुन्हा होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. शिरेतून मोठी मात्रा दिलेल्यांची नजर लवकर सुधारली.

थेंबांचंही तसंच आहे. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत हर्पिस विषाणूची किंवा बुरशीची जखम वाढत राहते. असे थेंब घातले असतील तर लपवू नका. ती बाटली सोबत आणा, कारण त्या औषधानं खुणा झाकल्या जातात आणि मला दिसतं त्यावरून अंदाज चुकू शकतो.