दुसऱ्या नावाचा हिशेब

श्रोतेहो,

अमेरिकेत दर चार वर्षांनी उन्हाळ्यात एक वाद हमखास रंगतो आणि नोव्हेंबरात मतदान उरकले की बहुतेकांच्या विस्मरणात जातो. अध्यक्षपदाच्या उमेदवाराने उपाध्यक्षपदासाठी ज्याला आपला जोडीदार म्हणून निवडले, त्याची निवड योग्य की अयोग्य, हा तो वाद. अशा जोडीदारासाठी तिकडे रूढ असलेला ‘रनिंग मेट’ हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतून आलेला आहे. एकाच तबेल्यातल्या मुख्य घोड्याचा वेग टिकून राहावा म्हणून त्याच्याबरोबर जो दुसरा घोडा पळवत, त्याला तसे म्हणत. शर्यत त्याने जिंकावी अशी कोणाची अपेक्षा नसे.

या वादात नेहमी विचारला जाणारा प्रश्न असा, की हा माणूस कोणते राज्य आणील, कोणत्या समाजाची मते आणील? माझे म्हणणे असे, की हा प्रश्न चुकीचा नसला तरी फार हलका आहे. त्यापेक्षा उमेदवाराने ही निवड किती दिवसांत केली, कोणाला विचारून केली आणि निवडलेल्या माणसाला पुढे काय काम द्यायचे त्याच्या मनात होते, हे तपासावे. सत्ता हाती येण्यापूर्वी उमेदवाराचा संपूर्णपणे स्वतःचा म्हणता येईल असा हा जवळजवळ एकच मोठा निर्णय असतो. बाकी भाषणे दुसरे लिहितात आणि धोरणे पक्ष ठरवतो.

आपल्या व्यवस्थेशी असलेला एक फरक आधीच सांगून ठेवतो. भारताच्या उपराष्ट्रपतींना संसदेचे सदस्य स्वतंत्र निवडणुकीत निवडतात, आणि राष्ट्रपतिपद अकाली रिकामे झाले तर नवी निवड होईपर्यंत, म्हणजे फार तर सहा महिने, ते त्या पदाचे काम पाहतात. अमेरिकेत तसे नाही. तिथे अध्यक्ष गेला की त्याच क्षणी उपाध्यक्ष हाच अध्यक्ष होतो, तोही उरलेल्या संपूर्ण मुदतीसाठी. आजवर अध्यक्षपदावर बसलेल्या पंचेचाळीस व्यक्तींपैकी नऊ जण अशा वाटेने तिथे पोहोचले. आठ जण अध्यक्षाच्या मृत्यूमुळे आणि नववे जेराल्ड फोर्ड १९७४ साली निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. त्यातही फोर्ड यांना कोणत्याही जोडीत जनतेने मत दिलेले नव्हते. निक्सन यांनी स्वतः निवडलेले स्पायरो ॲग्न्यू यांना करचुकवेगिरीच्या प्रकरणात १० ऑक्टोबर १९७३ रोजी पद सोडावे लागले, आणि त्या रिकाम्या जागी फोर्ड यांची नेमणूक झाली होती.

१९४४ साली शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाच्या पुढाऱ्यांना ही गोष्ट पुरती ठाऊक होती. फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहत होते आणि त्यांची प्रकृती जवळून पाहणाऱ्यांना दिसत होते, की आपण उपाध्यक्ष निवडत नसून पुढचा अध्यक्ष निवडत आहोत. तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस पहिल्या फेरीत आघाडीवर होते, तरी दुसऱ्या फेरीत मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रुमन निवडले गेले. नवल पुढेच आहे. ज्या माणसाची निवड इतक्या जाणीवपूर्वक झाली, त्याला पुढे ब्याऐंशी दिवसांच्या उपाध्यक्षपदात अणुबॉम्बच्या कामाची धड कल्पनाही देण्यात आली नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट गेले, त्याच संध्याकाळी ट्रुमन यांनी शपथ घेतली आणि मग युद्धमंत्री स्टिमसन यांनी त्यांच्या कानावर त्या अस्त्राची पहिली ओझरती गोष्ट घातली. सविस्तर माहिती मिळायला २५ एप्रिल उजाडला. माणूस पारखून घेतला, पण त्याला घरात घेतलेच नाही.

आता ‘राज्य आणण्याचा’ हिशेब पाहू. तो मांडणारे लोक १९६० चे उदाहरण देतात. जॉन केनेडी यांनी टेक्ससच्या लिंडन जॉन्सन यांना बरोबर घेतले आणि आयझेनहॉवर यांनी दोनदा जिंकलेले टेक्सस सुमारे शेहेचाळीस हजार मतांनी परत आणले. हे खरे आहे. परंतु तिथे अध्यक्ष ठरतो तो प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या निर्वाचक मतांच्या बहुमताने, आणि राज्य जिंकणाऱ्याला ती बहुधा सगळीच्या सगळी मिळतात. त्या वर्षी बहुमताला २६९ निर्वाचक मते लागत होती आणि केनेडी यांना ३०३ मिळाली. त्यांतून टेक्ससची २४ वजा केली तरी २७९ उरतात. जॉन्सन यांनी दक्षिणेतली इतर राज्येही टिकवून धरली असे म्हणता येते आणि मला ते बरेचसे पटते. मात्र ‘टेक्ससने केनेडींना अध्यक्ष केले’ हे वाक्य बेरीज-वजाबाकीच्या परीक्षेत टिकत नाही.

उलट बाजूची उदाहरणे तर रांगेने उभी आहेत. २००४ साली जॉन एडवर्ड्स यांना आपले नॉर्थ कॅरोलिना आणता आले नाही, २०१२ साली पॉल रायन यांना विस्कॉन्सिन आणता आले नाही. सर्वांत बोलके उदाहरण १९८८ चे आहे. टेक्ससचे सिनेटर लॉइड बेन्ट्सन त्या वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांचे जोडीदार होते आणि राज्याच्या कायद्याने मुभा असल्यामुळे त्याच वेळी सिनेटच्या जागेसाठीही उभे होते. एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर टेक्ससच्या मतदारांनी त्यांना सिनेटर म्हणून निवडून दिले आणि ज्या जोडीत ते उपाध्यक्षपदासाठी उभे होते तिला पाडले. माणूस त्यांना हवा होता, पण त्याच्यापायी त्यांनी अध्यक्ष बदलला नाही. यापेक्षा स्वच्छ पुरावा राजकारणात क्वचितच हाती येतो.

पण जोडीदाराने काही आणले नाही तरी तो बरेच काही घालवू शकतो, आणि इथे मला १९७२ च्या जुलैमधल्या अठरा दिवसांपाशी थोडे रेंगाळायचे आहे.

साउथ डकोटाचे सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मायामी बीचच्या अधिवेशनात रात्री उशिरा निक्सन यांच्याविरुद्ध डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. दुसऱ्या दिवशी, १३ जुलैला, दुपारपर्यंत जोडीदाराचे नाव द्यायचे होते. मॅकगव्हर्न यांची सारी भिस्त जॉन केनेडींचे धाकटे भाऊ एडवर्ड केनेडी यांच्यावर होती आणि केनेडी यांनी नकार दिला. मग हॉटेलच्या खोलीत जागरणाने थकलेली वीसेक माणसे नावांची यादी घेऊन बसली. वॉल्टर मॉन्डेल नाही म्हणाले, एब्राहम रिबिकॉफ नाही म्हणाले. बॉस्टनचे महापौर केव्हिन व्हाइट यांचे जवळजवळ ठरले होते, तर त्यांच्याच मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी बिथरले. गेलॉर्ड नेल्सन यांनीही नकार दिला, मात्र एक नाव सुचवले, ते मिसुरीचे तरुण सिनेटर टॉमस ईगलटन यांचे. मुदत संपत आली होती. फोन लावला गेला, ईगलटन यांनी आनंदाने होकार दिला, आणि मॅकगव्हर्न यांचे सहकारी फ्रँक मॅन्किविच यांनी त्यांना फोनवरच विचारले, की तुमच्या पूर्वायुष्यात अडचणीचे असे काही नाही ना? नाही, असे उत्तर आले. चौकशी संपली.

आपल्याकडे मुलीसाठी स्थळ पाहताना सुद्धा दोन घरी विचारून घेतात. इथे जगातल्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या संभाव्य अध्यक्षाची पारख एका फोनवर झाली, आणि तीही खुद्द त्यालाच विचारून!

ईगलटन यांना तीव्र नैराश्यासाठी १९६०, १९६४ आणि १९६६ साली रुग्णालयात राहावे लागले होते आणि त्यांपैकी दोन वेळा विजेच्या झटक्यांचे उपचारही झाले होते. नाव जाहीर होताच वार्ताहर त्या वाटेने निघाले. मॅकगव्हर्न यांचे लोक त्यानंतर चौकशीला लागले, म्हणजे वरातीमागून घोडे. २५ जुलैला साउथ डकोटाच्या डोंगरांत, मॅकगव्हर्न यांना शेजारी ठेवून, ईगलटन यांनी स्वतःच हे सारे सांगून टाकले. मॅकगव्हर्न यांनी आपला त्यांना ‘हजार टक्के’ पाठिंबा असल्याचे जाहीर केले. तीनच दिवसांनी, २८ जुलैच्या संध्याकाळी, तेच मॅकगव्हर्न तिथल्या उपाहारगृहात पत्रकारांच्या टेबलाटेबलापाशी जाऊन, ईगलटन यांनी आपण होऊन बाजूला व्हावे असे सुचवत होते. ३१ जुलैला ईगलटन बाहेर पडले. त्यांच्या जागी सार्जंट श्रायव्हर आले. नोव्हेंबरात मॅकगव्हर्न यांना मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून १७ निर्वाचक मते पडली, निक्सन यांना ५२०.

तो पराभव ईगलटन यांच्यामुळे झाला असे मी म्हणणार नाही, निक्सन तसेही जिंकलेच असते. त्या आजाराबद्दल समाजाने तेव्हा दाखवलेली भीतीही आज आपल्याला खटकावी अशीच आहे. ईगलटन पुढे १९७४ आणि १९८० साली पुन्हा सिनेटवर निवडून आले, म्हणजे त्यांना ओळखणाऱ्या मतदारांना त्यांच्यात काही उणे दिसले नाही. घात केला तो ‘हजार टक्के’ या दोन शब्दांनी. निवडीत घाई, मग घाईचे समर्थन, मग त्या समर्थनातून माघार, हा क्रम लोकांनी अठरा दिवसांत डोळ्यांदेखत पाहिला, आणि हा माणूस अध्यक्ष झाल्यावर कसा वागेल याचा अंदाज त्यांना आयताच मिळाला.

चार वर्षांनी जिमी कार्टर यांनी हा धडा गिरवला. अटलांटाचे वकील चार्ल्स कर्बो यांच्याकडे त्यांनी छाननीचे काम सोपवले, संभाव्य नावांना प्रश्नावल्या धाडल्या आणि काहींना जॉर्जियातल्या आपल्या प्लेन्स या गावी बोलावून त्यांच्याशी निवांत बोलले. त्यांनी निवडलेले मॉन्डेल डिसेंबर १९७६ मध्ये एक टिपण घेऊन गेले, आणि उपाध्यक्षाने अध्यक्षाचा सर्वसाधारण सल्लागार असावे, त्याला सर्व कागदपत्रे पाहायला मिळावीत, असे त्यात त्यांनी मांडले. कार्टर यांनी ते मान्य केले आणि व्हाइट हाउसच्या पश्चिम भागात, स्वतःच्या कचेरीपासून काही पावलांवर, त्यांना खोली दिली. आजचे उपाध्यक्षपद त्या टिपणातून उभे राहिले आहे. ट्रुमन यांना जे मिळाले नव्हते ते मॉन्डेल यांनी निवडून आल्यानंतर, पण शपथ घेण्याआधीच मागून घेतले.

म्हणून पद्धत असली की सारे आपोआप सुधारते असेही नाही. २००८ साली जॉन मॅकेन यांच्याकडे अनुभवी वकिलांची छाननी समिती होती, तरी अलास्काच्या गव्हर्नर सेरा पेलिन यांचे नाव त्या समितीपुढे अगदी अखेरच्या दिवसांत आले. मॅकेन त्यांना पूर्वी फारसे ओळखत नव्हते. २९ ऑगस्टला, म्हणजे आपल्या बहात्तराव्या वाढदिवशीच, त्यांनी डेटन येथे हे नाव जाहीर केले. अनुभव हाच ज्या उमेदवाराचा मुख्य मुद्दा होता, त्याने तो मुद्दा स्वतःच्या हाताने प्रतिपक्षाला देऊन टाकला. सिनेटर जोसेफ लीबरमन यांना निवडले नाही याची खंत त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली.

२०२४ च्या वादात जुनाच हिशेब पुन्हा निघाला. कमला हॅरिस यांनी ६ ऑगस्टला मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचे नाव जाहीर केले, आणि पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर जॉश शपीरो यांना डावलून घोडचूक केली, असे निकालानंतर अनेकांनी ठामपणे लिहिले. पेनसिल्व्हेनियाची निर्वाचक मते १९. हॅरिस यांना २२६ मिळाली. बेरीज २४५, आणि गरज २७० ची. शपीरो यांनी राज्य जिंकून दिले असते असे धरले, तरी निकाल तोच. बायडन यांनी २१ जुलैला माघार घेतल्यानंतर हॅरिस यांच्या हाती जेमतेम सोळा दिवस होते, आणि एवढ्या घाईत माणसाची पारख कितपत झाली, हा खरा चर्चेचा मुद्दा होता. तो मागे पडला.

डॉनल्ड ट्रम्प यांच्या निवडीचा अर्थ मात्र राज्याच्या हिशेबाने लागतच नाही. जे. डी. व्हान्स यांचे ओहायो ट्रम्प यांनी आधीच दोनदा जिंकलेले होते. तो अर्थ शोधायचा तर ६ जानेवारी २०२१ कडे जावे लागते. त्या दिवशी, ट्रम्प हरलेल्या निवडणुकीची निर्वाचक मते संसदेत उपाध्यक्षांसमोर मोजली जात असताना, उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी काही राज्यांची मते मोजू नयेत असा ट्रम्प यांचा आग्रह होता. पेन्स यांनी घटनेत तसा अधिकार नाही असे लेखी कळवले. जमाव संसद भवनात घुसल्यावर त्यांना इमारतीखाली आसरा घ्यावा लागला, आणि तरीही पहाटे पावणेचारच्या सुमारास त्यांनी मोजणी पुरी केली. आपण त्या जागी असतो तर राज्यांकडून निर्वाचकांच्या पर्यायी याद्या मागवल्या असत्या, असे व्हान्स यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मुलाखतीत सांगितले होते. जुलैत त्यांची निवड झाली. २०२२ च्या कायद्याने मोजणीच्या वेळी उपाध्यक्षाचे काम केवळ औपचारिक आहे हे आता स्पष्ट केले आहे, तथापि जोडीदाराकडून काय हवे होते हे त्या निवडीने पुरेसे सांगितले, असे माझे मत आहे.

६ जानेवारी २०२५ रोजी त्याच सभागृहात, त्याच आसनावर कमला हॅरिस होत्या. व्हान्स समोर सदस्यांमध्ये बसले होते. हॅरिस यांनी मोजणी पूर्ण करून आकडे वाचून दाखवले. अध्यक्षपदासाठी ट्रम्प ३१२, हॅरिस २२६. उपाध्यक्षपदासाठी व्हान्स ३१२, वॉल्झ २२६. अर्ध्या-पाऊण तासात सभा संपली आणि सदस्य बाहेरच्या बर्फात आपापल्या वाटेने गेले.