आकड्याचा सातबारा काढा: एआयला महागाई आणि बेरोजगारी कशी विचारायची

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर लॅपटॉप आणि एक जुनी वही.]

नमस्कार मंडळी.

ही वही माझ्या आत्याची. आत्या केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाली. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी ती या वहीत एक आकडा लिहिते: पेन्शनवरच्या महागाई भत्त्याचा दर. 2025च्या नोव्हेंबरात तिचा फोन आला. "अरे, मी त्या एआयला विचारलं. तो म्हणतो, महागाई जवळजवळ शून्यावर आली, त्यामुळे भत्ता आता वाढायचा नाही. खरं का रे?"

मी तिच्याकडून ते उत्तर मागवून घेतलं आणि वाचलं. भाषा स्वच्छ, आत्मविश्वास दांडगा. आकडाही खरा होता. ऑक्टोबर 2025चा किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के होता, आणि 2012 पायावर्षाच्या (म्हणजे 2012च्या किमती 100 धरून काढलेल्या) मालिकेतला तो सगळ्यात कमी दर होता.

तरीही आत्याला मिळालेलं उत्तर चुकीचं होतं, आणि तेही दोन ठिकाणी. हा सगळा व्हिडिओ त्या दोन चुकांतून निघालाय.

पहिली चूक. महागाई भत्ता या निर्देशांकावर ठरतच नाही. बातम्यांत जो किरकोळ महागाईचा दर येतो, तो सांख्यिकी आणि कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालयाचा, सीपीआय म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांकावरून काढलेला. केंद्राचा भत्ता ठरतो औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर, सीपीआय-आयडब्ल्यू. तो काढतं लेबर ब्युरो, आणि त्याचं पायावर्ष 2016. म्हणजे खातं वेगळं, टोपली (ज्यांच्या किमती मोजायच्या त्या वस्तूंची यादी) वेगळी, पायावर्षही वेगळं. नावात तीन अक्षरं सारखी, म्हणून एआयनं दोन्ही एकच धरले.

[स्क्रीनवर वहीतलं गणित]

गणित अवघड नाही. बारा महिन्यांच्या निर्देशांकाची सरासरी काढायची. 2024ची ती 141.58 येते. तिला 2.88नं गुणायचं, कारण सातव्या वेतन आयोगाचं सूत्र जुन्या 2001च्या पायावर आहे. आले 407.75. त्यातून 261.42, म्हणजे या सूत्राचा ठरलेला मूळ आकडा, वजा करायचा, आणि जे उरेल ते 261.42च्या किती टक्के ते बघायचं. येतात 55.98. अपूर्णांक सोडून द्यायचा. जानेवारी 2025पासून केंद्राचा दर 55 टक्के झाला, तो असा. आत्याच्या वहीत 55 लिहिलेलं आहे, पण ते आलं कुठून हे तिला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

आता दुसरी चूक, आणि ही आपण सगळेच करतो. महागाईचा दर शून्याजवळ आला म्हणजे स्वस्ताई आली, असं आपल्याला वाटतं. दर हा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली तुलना असते. मागचं वर्ष कसं होतं ते बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

[स्क्रीनवर तीन आकडे एकाखाली एक]

ऑक्टोबर 2023, निर्देशांक 185.3.
ऑक्टोबर 2024, निर्देशांक 196.8. वाढ 6.21 टक्के.
ऑक्टोबर 2025, निर्देशांक 197.3. वाढ 0.25 टक्के.

बघा, 185 वरून 197 वर गेलेली किंमत परत 185 वर आलेली नाही. ती वर जाऊन तिथेच बसली आहे. दोन वर्षांचा हिशेब धरला तर वाढ साडेसहा टक्क्यांच्या आसपास. खाण्यापिण्याच्या निर्देशांकात हे आणखी ठळक दिसतं. ऑक्टोबर 2024मध्ये खाद्यपदार्थांची महागाई 10.87 टक्के होती, आणि ऑक्टोबर 2025मध्ये उणे 5.02. मथळे आले की अन्न स्वस्त झालं. पण 100 रुपयांची पिशवी आधी 110 रुपये 87 पैशांची झाली आणि मग साधारण 105 रुपये 30 पैशांची. दोन वर्षांपूर्वीपेक्षा ती अजूनही महागच आहे. घरातली बाई "कुठे स्वस्त झालंय?" म्हणते तेव्हा ती बरोबर बोलत असते, आणि सरकारी आकडाही बरोबर असतो.

एआय हे समजावून सांगू शकतं का? सांगू शकतं, आणि फार छान सांगतं. मी त्याला या तीन ओळी दिल्या आणि म्हटलं, "टप्प्याटप्प्यानं गणित कर." त्यानं चोख करून दिलं. आत्याच्या वेळी ते चुकलं, कारण आकडा कुठून घ्यायचा हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं आठवणीतून सांगितलं.

आपल्याकडे जमीन घेताना काय करतो? कुणी पारावर बसून म्हणालं, "तो तुकडा पाच एकराचा आहे," म्हणून आपण इसार देत नाही. सातबारा काढतो. गट नंबर बघतो, भोगवटादार कोण ते बघतो, फेरफार बघतो. आकड्याचंही तसंच करायचं. एआयचं आठवणीतलं उत्तर म्हणजे पारावरचं बोलणं. माणूस खोटं बोलत नसतो, पण कागद त्याच्या हातात नसतो.

आणि आता तो कागद एआयच्या हातात देता येतो.

सांख्यिकी मंत्रालयाचं ई-सांख्यिकी नावाचं पोर्टल आहे. ते 29 जून 2024ला सुरू झालं. 29 जून हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस, आपल्याकडे तो सांख्यिकी दिन म्हणून पाळतात. या पोर्टलवरून कुणीही आकड्यांचे तक्ते उतरवून घेऊ शकतं. 2026च्या सुरुवातीला मंत्रालयानं याला एमसीपी सर्व्हर जोडला, बीटा म्हणजे चाचणी स्वरूपात. एमसीपी म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. नावाला घाबरू नका. एआयनं बाहेरच्या माहितीच्या कपाटाशी कसं बोलायचं याची ती ठरलेली पद्धत आहे. सुरुवातीला त्यात सात कपाटं उघडी केली: किरकोळ किमती, घाऊक किमती, औद्योगिक उत्पादन, कारखान्यांची वार्षिक पाहणी, रोजगाराची पाहणी, राष्ट्रीय लेखे आणि पर्यावरण.

मला यातली एक गोष्ट मनापासून आवडली. हा सर्व्हर एआयला थेट आकड्यावर उडी मारू देत नाही. आधी कोणतं कपाट, मग त्यातला कोणता निर्देशक, मग कोणतं वर्ष, राज्य, ग्रामीण की शहरी, आणि या पायऱ्या चढल्यावर आकडा. अनुभवी कारकून रेकॉर्ड रूममध्ये जसा जातो, अगदी तसं.

तुमच्या एआयला असा सर्व्हर जोडता येत नसेल तरी काही अडत नाही. पोर्टलवरून तक्ता एक्सेलमध्ये उतरवा आणि ती फाइल एआयला द्या. मी अजूनही बऱ्याचदा हेच करतो, कारण फाइल माझ्याकडे राहते आणि नंतर पडताळता येते.

आता विचारायचं कसं, ते बघू. माझा प्रश्न असा असतो:

[स्क्रीनवर मजकूर]

"सीपीआयचा महाराष्ट्राचा तक्ता घे, ग्रामीण आणि शहरी वेगवेगळा. आकडे देण्याआधी सांग: हा आकडा कोणत्या खात्याचा, पायावर्ष कोणतं, महिना कोणता, तात्पुरता की अंतिम. जो आकडा तक्त्यात नाही तो देऊ नकोस, 'तक्त्यात नाही' असं लिही. गणित केलंस तर सूत्र दाखव."

"तक्त्यात नाही असं लिही" हे वाक्य कधीही विसरू नका. मी एकदा मुद्दाम विचारलं, "कोल्हापूर जिल्ह्याचा महागाईचा दर किती?" तक्ता न देता. उत्तर आलं, तेही दशांशात! सीपीआयचा जिल्हानिहाय दर प्रसिद्धच होत नाही. राज्य, आणि राज्यातही ग्रामीण व शहरी, इथवरच तो जातो. त्याच एआयला तक्ता दिला आणि हे वाक्य जोडलं, तेव्हा त्यानं सरळ लिहिलं की असा आकडा यात नाही.

पायावर्षाचा सापळा तर आता ताजाच आहे. फेब्रुवारी 2026पासून सीपीआयची नवी मालिका आली, पायावर्ष 2024. जुन्या मालिकेत निर्देशांक 197 होता, नव्या मालिकेत तो शंभराच्या आसपास. कुणी हे दोन आकडे एकाच आलेखात टाकले तर किमती निम्म्यावर आल्यासारखी रेघ खाली कोसळेल. किमती तिथेच आहेत, मोजपट्टी बदलली आहे. दोन मालिका जोडायला लिंकिंग फॅक्टर लागतो, म्हणजे एका मोजपट्टीतला आकडा दुसरीत बसवणारा गुणक. एआयला विचारा, "तू कोणता फॅक्टर वापरलास?" उत्तर आलं नाही तर तो आलेख कुणाला फॉरवर्ड करू नका.

नव्या मालिकेत टोपलीही बदलली. जुन्या मालिकेत खाण्यापिण्याच्या वस्तूंना देशभरासाठी 45.86 टक्के वजन होतं, ग्रामीण भागात तर 54.18. हे वजन 2011-12च्या खर्च पाहणीवरून घेतलेलं होतं. तेव्हाचं आपलं घर आठवा, मोबाइलच्या रिचार्जवर किती जायचे आणि धान्यावर किती. नव्या टोपलीत अन्नाचा वाटा बराच कमी झाला, कारण लोकांचा खर्चच बदललाय.

आता बेरोजगारी. इथे जरा थांबणार आहे, कारण व्हॉट्सअॅपवर सगळ्यात जास्त भांडणं याच आकड्यावर होतात.

2023-24चा बेरोजगारीचा दर 3.2 टक्के. एप्रिल 2025चा 5.1 टक्के. एआयला नुसतं विचारलंत, "बेरोजगारी वाढली का?" तर ते दोन्ही आकडे शेजारी ठेवून "हो, लक्षणीय वाढ" म्हणू शकतं. पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. 3.2 हा मागच्या पूर्ण वर्षाकडे बघून काढलेला, या मोजमापाचं नाव 'नेहमीची स्थिती'. त्या वर्षात एखाद्यानं तीस दिवसांहून थोडं अधिक दुय्यम काम केलं असेल, तरी तो रोजगारात धरला जातो. 5.1 हा चालू साप्ताहिक स्थितीचा. मागच्या सात दिवसांत एकाही दिवशी तासभरही काम केलं नाही, पण काम शोधत होता किंवा करायला तयार होता, तर तो बेरोजगार. आठवड्याच्या मोजपट्टीत हंगामी रिकामपण दिसतं, वर्षाच्या मोजपट्टीत ते लपतं. दोन्ही मोजमापं उपयोगाची आहेत, पण एकातून दुसरं वजा करायचं नसतं.

आणखी एक. स्त्रियांचा श्रमसहभाग, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचा वाटा, 2017-18मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24मध्ये 41.7 झाला. प्रचंड उडी. पण यात घरच्या शेतात, घरच्या दुकानात बिनपगारी हातभार लावणाऱ्या बायकाही कामावर धरलेल्या असतात. ते बरोबरच आहे, ते कामच आहे. पण कुणी या 41.7चा अर्थ "इतक्या बायकांना नोकऱ्या लागल्या" असा लावला, तर एआयला लगेच विचारा, "यातल्या पगारदार किती, स्वयंरोजगारातल्या किती, बिनपगारी मदतनीस किती? फोड करून दाखव." ही फोड तक्त्यात असते. एआय ती दोन मिनिटांत काढून देतं. पूर्वी यासाठी आम्ही अर्धा दिवस पीडीएफ चाळत बसायचो. या कामाला एआय मला खरोखर मोलाचं वाटतं.

जीडीपीबद्दल थोडक्यात. तिथे फेरफार फार होतात. 2020-21ची घट आधी 7.3 टक्के सांगितली, मग 6.6 झाली, मग 5.8. त्या त्या दिवशी तिन्ही अधिकृतच होते, जशी माहिती येत गेली तसा आकडा सुधारत गेला. म्हणून तारीख विचारा: कोणत्या दिवसाचा अंदाज? चालू किमती (महागाई धरून) की स्थिर किमती (महागाई वगळून)? आणि एकक तपासा. एक लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन. इथे एआयची शून्यं सांडलेली मी स्वतः पाहिली आहेत.

एक गोष्ट मात्र एआयला तक्ता देऊनही मागू नका. "महागाई का वाढली?" तक्त्यात किती ते असतं, का ते नसतं. तरी एआय कारण सांगेल, पाऊस, डिझेल, युद्ध, सगळं ओळीत मांडेल. त्याऐवजी असं विचारा: "कोणत्या गटानं या वाढीत किती भर घातली?" ते गणित आहे, ते त्याला जमतं. कारण शोधायला बाजार समितीत जावं लागतं, शेतकऱ्याशी बोलावं लागतं.

सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दादाभाई नौरोजींनी सरकारच्याच अहवालांतून आकडे वेचून माणशी वर्षाचं उत्पन्न 20 रुपये काढलं होतं. प्रांतामागून प्रांत, हातानं. त्यांच्याकडे जी चिकाटी होती ती आपल्याकडे नसेल, पण तेच अहवाल आज फोनवर उघडतात. आणि मराठीत वाचायचं असेल तर आपल्या राज्याचं अर्थ व सांख्यिकी संचालनालय दरवर्षी अर्थसंकल्पाआधी महाराष्ट्राची आर्थिक पाहणी काढतं. तिची पीडीएफ एआयला द्या आणि मराठीतच प्रश्न विचारा. प्रत्येक उत्तराला तक्ता क्रमांक आणि पान मागा, आणि निदान दोन पानं स्वतः उघडून बघा.

आत्याला मी हे सगळं एका रविवारी दाखवलं. तिनं वहीत आता एक नवा रकाना आखलाय, शीर्षक दिलंय "कुठून आला". पहिल्या ओळीत लिहिलंय: लेबर ब्युरो, पाया 2016, बारा महिन्यांची सरासरी.

सीपीआयचा नवा आकडा साधारणपणे दर महिन्याच्या 12 तारखेला दुपारी चार वाजता येतो. मी सांगितलेला प्रश्न तुमच्या एआयला त्या संध्याकाळी विचारा, आणि काय उत्तर आलं ते खाली लिहा. चुकलेली उत्तरं तर नक्की पाठवा, पुढच्या भागात आपण तीच उलगडून बघू.