पुन्हा अंक १! पण आठव्या अंकापर्यंत टिकतं काय?

नमस्कार मंडळी! इंदूरहून बोलतोय. आजचा विषय रीलाँच, म्हणजे कॉमिक्सची मालिका नव्याने सुरू करणं, बहुतेकदा पुन्हा अंक १ लावून. सकाळचे पोहे झालेत, वर जीरावन मसाला जरा जास्तच पडलाय, त्यामुळे आज आवाज चढा लागेल.

हा बघा, जवळून दाखवतो. मार्व्हल या अमेरिकी कंपनीचं सुपरहिरोंच्या टोळीचं कॉमिक, एक्स-मेन. जुनी मालिका चालू असतानाच काढलेला नवा अंक १, साल १९९१. कव्हरवरचं चित्र कडेला कापल्यासारखं दिसतंय ना? कारण अशी चार वेगळी कव्हरं होती. शेजारी शेजारी ठेवली की एक सलग चित्र, आणि पाचव्या कव्हरवर ते अख्खं. म्हणजे एकच गोष्ट पाचदा घ्या! खप जवळपास ८० लाख प्रती.

पण खप कुणाला? दुकानदारांना. अमेरिकेत कॉमिक्सची दुकानं माल आगाऊ मागवतात आणि उरलेला सहसा परत जात नाही. राजवाड्यावरच्या राखीवाल्यासारखं, पौर्णिमा उलटली की उरलेल्या राख्या त्याच्याच गळ्यात. म्हणून पहिल्या अंकाचा आकडा दुकानदाराची आशा दाखवतो. वाचक किती, ते नंतर कळतं.

मी हा ‘दुर्मीळ’ म्हणून भारी भावात घेतला. ८० लाखांतला एक. आई अजून ऐकवते.

आणि गंमत बघा. याचा लेखक ख्रिस क्लेअरमाँट १९७५ पासून एक्स-मेन लिहीत होता. तिसऱ्या अंकानंतर तो गेला!

आता त्या १९७५ कडे चला. त्याआधी पाच वर्षं जुन्या, मूळ एक्स-मेन मालिकेत जुन्याच गोष्टी पुन्हा छापल्या जात होत्या. लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉक्रम यांनी एका विशेषांकात स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस हे नवे हिरो आणले, आधी हल्कच्या अंकात येऊन गेलेला वुल्व्हरिन घेतला. मग अंक ९४ पासून क्लेअरमाँट. हो, ९४! आकडा कुणी पुसला नाही. मालिका दोन महिन्यांतून एकदा यायची. हळूहळू वाचक जमत गेला आणि पुढे हीच मार्व्हलची सगळ्यात मोठी मालिका झाली. मला विचाराल तर खरा रीलाँच हा.

आणि मार्व्हलची स्पर्धक कंपनी डीसी, तिचं ‘न्यू ५२’? २०११ मध्ये एका दमात ५२ मालिका अंक १ पासून. आपल्या इंदूरच्या खाऊगल्लीपेक्षा, छप्पन दुकानापेक्षा, चारच कमी, भिया! सुरुवातीला झुंबड. जानेवारी २०१२ मध्ये सहा मालिका बंद करायची घोषणा झाली, आठव्या अंकावर गाशा गुंडाळला. त्यात ‘ओमॅक’ही होती, जी डीसीचा सहप्रकाशक डॅन डिडिओ स्वतः लिहीत होता. मालकाघरचं ताटही उचललं गेलं! उलट बॅटमॅनवर लेखक स्कॉट स्नायडर आणि चित्रकार ग्रेग कपुलो ही जोडी २०१६ पर्यंत टिकली, आणि वाचकही टिकला.

आता डीसीच्याच, सुपरमॅनवाल्या ॲक्शन कॉमिक्सचा हिशेब. २०११ मध्ये अंक ९०४ नंतर थेट अंक १. तिथून ५२ पर्यंत. आणि २०१६ मध्ये पुढचा अंक कितवा? ९५७! ९०४ अधिक ५२, त्यापुढचा. पुसलेला आकडा परत जोडला, कारण हजारावा अंक जवळ आला होता. तो २०१८ मध्ये आलाही.

माझ्या खोक्यात हे अंक नेमके कसे लावायचे, हे अजून ठरलेलं नाही. भाऊ म्हणतो, रद्दीवाला बरोबर लावेल.